नवजात बाळाच्या पोटातले बॅक्टेरिया : येतात कुठून, टिकतात कसे, आणि सिझेरियनची धास्ती कितपत घ्यायची?

जीवाणूवेडी
सिझेरियन झालं की बाळाच्या पोटातले चांगले बॅक्टेरिया कायमचे हुकले, आता दमा, ॲलर्जी, लठ्ठपणा सगळं मागे लागणार, असे मेसेज सारखे फिरतायत आणि ते वाचून ओल्या बाळंतिणी रडत बसतात, हे बघवत नाही म्हणून धागा काढतेय. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं मला विचारू नका, पण बॅक्टेरियांचं जे माहितीय ते मनापासून सांगते.

मुळात गर्भात बाळाच्या आतड्यात बॅक्टेरिया नसतात. हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंरी तिसिए यांनी १९०० च्या सुमारास मांडलं होतं. मध्ये २०१४ ला वारेत (प्लासेंटात) बॅक्टेरियांचा डीएनए सापडल्याचा पेपर आला आणि सगळीकडे गर्भातच मायक्रोबायोम, म्हणजे बॅक्टेरियांची वस्ती, तयार होतो असं छापून आलं. नंतर २०१९ मध्ये ५३७ बायकांच्या वारा तपासल्या गेल्या तर जे सापडत होतं ते बहुतेक सगळं लॅबच्या केमिकलमधून, किटमधून, किंवा बाळंत होताना लागलेलं निघालं. अपवाद एकच, ग्रुप बी स्ट्रेप, साधारण ५ टक्के नमुन्यांत, आणि तो तर रोगजंतू आहे, मित्र नव्हे. म्हणजे खरी सुरुवात गर्भजलाची पिशवी (पाणमोट) फुटल्यापासूनच.

बाळाची पहिली काळपट चिकट शी जवळपास निर्जंतुक असते आणि काही तासांतच तिच्यात बॅक्टेरिया दिसायला लागतात, हे थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ च्या आसपास मायक्रोस्कोपखाली पाहिलं होतं. ई. कोलाय मधला ई त्यांच्याच नावाचा. आता गंमत बघा, सुरुवातीला येणारे ई. कोलाय, एन्टरोकॉकस, स्टॅफ वगैरे मंडळी अशी असतात ज्यांना ऑक्सिजन असला तरी चालतो नसला तरी चालतो. नव्या आतड्यात थोडाफार ऑक्सिजन असतो, तो हे लोक वापरून संपवतात, आणि मग ज्यांना ऑक्सिजन अजिबात सोसत नाही त्या बिफिडोबॅक्टेरियम, बॅक्टेरॉइड्स यांना जागा होते. म्हणजे ई. कोलाय हे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, या वयात त्याचे साधे स्ट्रेन (उपप्रकार) पुढच्यांची वाट मोकळी करतात.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग यापुढचा आहे. कोण कोण आलं यापेक्षा आलेल्यांपैकी कोणाला खायला मिळतं, यावर पुढचं ठरतं. आईच्या दुधात लॅक्टोज आणि फॅटच्या खालोखाल जो घन पदार्थ सगळ्यात जास्त असतो तो बाळाला पचतच नाही! ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरा, सुमारे २०० प्रकारच्या, लिटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम, आणि चिकात त्याहून जास्त. बाळाकडे त्या तोडायची एन्झाइम्स नाहीत, त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथे बिफिडोबॅक्टेरियम त्यांच्यावर ताव मारतो. आई बाळाच्या जेवणाबरोबर त्याच्या बॅक्टेरियांचाही डबा बांधून देते म्हणा ना. त्यातला इन्फॅन्टिस हा प्रकार तर या साखरा अख्ख्या आत ओढून घेतो आणि आतमध्ये तोडतो, उलट बिफिडम नावाचा त्याचा भाऊबंद बाहेरच तोडतो त्यामुळे उरलेलं इतरांनाही मिळतं. यातून ॲसिटिक आणि लॅक्टिक ॲसिड तयार होतं, आतडं आम्लधर्मी होतं, आणि बऱ्याच रोगजंतूंना ते मानवत नाही.

आता सिझेरियन. कुणी विचारलं की लिहिते, आधीच खूप झालं.

अनघा_८८
ताई विचारतेच. माझं सिझेरियन, तेही अचानक ठरलेलं, आणि बाळ दिवस भरायच्या आधीचं म्हणून एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूत) होतं, सुरुवातीला माझं दूध आलंच नाही त्यामुळे पावडरचं दूध, वर अँटिबायोटिक्स. म्हणजे तुमच्या यादीतलं काहीच धड झालं नाही. रात्री हेच डोक्यात फिरत राहतं की आपण बाळाचं कायमचं नुकसान केलं का. खरं ते सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

जीवाणूवेडी
अनघा, खरं तेच सांगते. फरक पडतो, पण कायमचा शिक्का बसतो असं नाही.

ही भीती मोठी झाली ती २०१० च्या एका अभ्यासापासून, मारिया ग्लोरिया डॉमिंगेझ-बेयो आणि सहकाऱ्यांचा. नॉर्मल डिलिव्हरीच्या बाळांवर आईच्या योनीमार्गातले बॅक्टेरिया दिसले, सिझेरियनच्या बाळांवर त्वचेवरचे. अभ्यास चांगला होता पण फक्त १० बाळांचा आणि जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतला. तेव्हा आपण जे बघत होतो ते बाळाला नुकतंच लागलेलं होतं, आतड्यात मुक्कामाला आलेलं नव्हे.

नंतर २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ५९६ बाळांचा अभ्यास आला. त्यात दिसलं की नॉर्मल डिलिव्हरीच्या बाळांच्या आतड्यात टिकतात ते मुख्यतः आईच्या आतड्यातले बॅक्टेरिया, योनीमार्गातले नाहीत. बाळ बाहेर येताना आईच्या शीचा अंश लागतो, ऐकायला कसंसंच वाटेल पण वारसा तिथून येतो. सिझेरियनच्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइड्स फार कमी आणि एन्टरोकॉकस, क्लेबसिएला असे हॉस्पिटलमध्ये वावरणारे जास्त. हा फरक खरा आहे, तो मी झाकणार नाही. पण त्याच अभ्यासात बाळं काही महिन्यांची होईपर्यंत दोन्ही गटांतला बराचसा फरक मिटलेला दिसला, बॅक्टेरॉइड्सची कमतरता तेवढी रेंगाळली.

आणि आतड्यातली ही वस्ती स्थिर व्हायला किती वेळ लागतो ठाऊक आहे? २०१८ मध्ये ९०३ मुलांचे शीचे नमुने महिनोन्‌महिने तपासून असं मांडलं गेलं की ३ ते १४ महिने घडण्याचा काळ, १५ ते ३० महिने बदलाचा काळ, आणि त्यानंतर कुठे स्थिरता. पहिल्या आठवड्यात जे झालं ते या सगळ्यातलं एक छोटं पान आहे, अख्खी वही पुढे कोरी पडलीय.

निरंजन_पी
मला एक कळत नाही. सिझेरियनच्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण जास्त असल्याचे अभ्यास आहेतच ना? मग काळजी करू नका असं सरसकट कसं म्हणता? आणि दुसरं, हे बॅक्टेरियांमुळेच कशावरून? ज्या बायकांचं सिझेरियन होतं त्यांची तब्येत, वजन, अँटिबायोटिक्स, सगळंच वेगळं असतं. भांडायला नाही, खरंच विचारतोय, आमच्याकडे दोन महिन्यांत बाळ येणार आहे.

डॉ_मंदार_बालरोग
निरंजन, दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. लोकसंख्येच्या पातळीवर दम्याची जोखीम थोडी वाढलेली दिसते, पण हे संबंध असल्याचं दिसणं झालं, कारण सिद्ध होणं वेगळं. तुम्ही म्हणता ते सगळे घटक मध्ये येतात.

पण डेन्मार्कचा एक अभ्यास मला यात खूप महत्त्वाचा वाटतो, २०२० चा, सुमारे ७०० मुलं जन्मापासून पाहिली. सिझेरियनच्या ज्या मुलांच्या आतड्यातले बॅक्टेरिया १ वर्षाच्या वयातही सिझेरियनच्याच धाटणीचे राहिले होते त्यांच्यात पुढे दमा जास्त होता. ज्यांचे वर्षभरात वयाला शोभेसे झाले होते त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. म्हणजे जन्म कसा झाला यापेक्षा नंतरचं वर्ष कसं गेलं हे पाहायला हवं, आणि ते वर्ष अजून आपल्या हातात असतं.

अनघाताईंना एक सांगतो. सिझेरियन गरजेचं होतं म्हणून झालं, अँटिबायोटिक्स संशय होता म्हणून दिली. नवजात बाळाला रक्तात जंतुसंसर्ग झाला तर तासांचा खेळ असतो, तिथे बिफिडोबॅक्टेरियमचा विचार करत कुणी थांबू नये. बाळ जगलं, आता घरी आहे, बाकीचं मागाहून दुरुस्त होतं.

अनघा_८८
डॉक्टर, ताई, तुम्हा दोघांचे आभार. वाचताना डोळे भरून आले. आता सात महिन्यांचा झालाय आणि गेले बरेच महिने माझंच दूध घेतोय, वरचं अन्नही सुरू केलंय.

मृद्गंधा
माझी बहीण म्हणतेय की परदेशात सिझेरियननंतर आईच्या योनीमार्गातला स्राव गॉझने घेऊन बाळाच्या तोंडाला अंगाला लावतात, आपणही घरच्या घरी करू शकतो. कुणी केलंय का?

डॉ_मंदार_बालरोग
नका करू. अगदी कळकळीने सांगतो. २०१६ मध्ये यावर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता, त्यात फक्त ४ बाळांना असं लावलं होतं, आणि तेही आईच्या सगळ्या तपासण्या करून. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलं की संशोधनाच्या बाहेर हे करू नये. ग्रुप बी स्ट्रेप, हर्पीस, क्लॅमिडिया, गनोरिया हे सगळं आईला काहीही त्रास नसताना तिच्या अंगात असू शकतं, आणि हर्पीस नवजात बाळाला झाला तर मेंदूपर्यंत जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. वर जीवाणूवेडी यांनी लिहिलंच आहे की टिकतात ते आईच्या आतड्यातले, मग ज्या बॅक्टेरियांचा मुक्कामच होत नाही त्यांच्यासाठी एवढी जोखीम कशाला घ्यायची.

जीवाणूवेडी
यालाच जोडून. २०२० मध्ये फिनलंडमध्ये सिझेरियनच्या ७ बाळांना आईच्या शीतून तयार केलेला अगदी सूक्ष्म डोस दुधातून दिला होता, आणि त्यांचे बॅक्टेरिया लवकरच नॉर्मल डिलिव्हरीच्या बाळांसारखे दिसायला लागले. त्याआधी आयांच्या तपासण्या इतक्या कडक होत्या की इच्छुक १७ पैकी ७ च निवडल्या गेल्या. हे मुद्दाम सांगतेय कारण आता कुणीतरी हेही घरी करायला जाईल. नको, नको, नको.

निरंजन_पी
मग करायचं काय? म्हणजे न करण्याची यादी मिळाली, आता बाबाने करण्यासारखं काही आहे का?

जीवाणूवेडी
आहे की! २०२४ मध्ये एक अभ्यास आला त्यात वडिलांकडूनही बाळाच्या आतड्यात स्ट्रेन येतात आणि वर्षभरात त्यांचा वाटा आईच्या तोडीचा होतो असं दिसलं. आजवर सगळे आईच्याच मागे लागले होते, वडिलांचे नमुने घ्यायचं फारसं कुणाला सुचलंच नव्हतं. तेव्हा बाळाला उघड्या छातीशी धरा, अंगावर झोपवा, शी-शू काढा, हात धुवून पण बिनधास्त. मोठं भावंड असेल तर त्याला लांब ठेवू नका, आजारी नसेल तर. भावंडं आणि घरातले पाळीव प्राणी यांच्यामुळे बाळाच्या आतड्यातले बॅक्टेरिया वेगळे होतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे बायकोला अंगावर पाजता येईल अशी परिस्थिती तयार करणं. जन्मानंतर शक्य तर पहिल्या तासात बाळ छातीशी, सिझेरियन असलं तरी आईची आणि बाळाची तब्येत ठीक असेल तर होतं हे, आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. चीक थोडा येतो म्हणून वाया घालवू नका, त्यात साखरा आणि अँटिबॉडी दोन्ही ठासून भरलेल्या असतात. दुधातून बाळाला बॅक्टेरियाही मिळतात आणि दूध पिताना आईच्या स्तनाच्या त्वचेवरचेही. पाजणाऱ्या बाईची झोप, पाणी, जेवण, आणि आल्यागेल्यांचे सल्ले तिच्यापर्यंत न पोचू देणं, हे बाबाचं काम.

सुलभा_काकू
वाचतेय सगळं, फार छान माहिती. माझ्या सुनेला दूध पुरत नाही, डॉक्टरांनीच पावडरचं दूध सांगितलंय. मग आमच्या नातीचं काय? तिच्या पोटात ते चांगले बॅक्टेरिया येणारच नाहीत का?

जीवाणूवेडी
येतील काकू, नक्की येतील. पावडरच्या दुधावरच्या बाळांमध्येही बिफिडोबॅक्टेरियम असतो, फक्त त्याचं वर्चस्व तेवढं नसतं, इतर प्रकार लवकर मिसळतात, त्यांची आतडी जरा आधीच मोठ्यांसारखी दिसायला लागतात. आणि थोडं अंगावरचं थोडं पावडरचं असं चालू असेल तर ते थोडंसुद्धा मोलाचं आहे, सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. २०१६ पासून काही पावडरींमध्ये आईच्या दुधातल्या एकदोन साखरा बॅक्टेरियांकडून बनवून घेऊन घालतात, २०० पैकी एकदोनच, पण सुरुवात आहे. सुनेला यावरून काही बोलू नका कुणी, एवढी विनंती. पोट भरलेलं, वजन वाढणारं बाळ हे पहिलं.

मृद्गंधा
प्रोबायोटिक ड्रॉप्स, म्हणजे चांगले बॅक्टेरिया असलेले थेंब, द्यावेत का? दुकानात सहज मिळतात म्हणून विचारतेय.

डॉ_मंदार_बालरोग
हा प्रश्न रोज येतो त्यामुळे जरा सविस्तर.

याच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याला लागणारी साखर, फक्त ७ दिवस. निम्म्यांना खरं, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून धरले तर ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले, म्हणजे ४० टक्के घट. फार मोठी गोष्ट आहे. पण ती बाळं जवळपास पूर्ण दिवसांची, २ किलोच्या वरची, अंगावरचं दूध पिणारी होती आणि स्ट्रेन ठरलेला, तपासलेला होता. दुकानातल्या दुसऱ्याच बाटलीला हे यश लावता येत नाही. एक स्ट्रेन चालला म्हणून दुसरा चालेल असं नसतं.

दुसरी बाजू. कमी दिवसांच्या बाळांमध्ये आतड्याचा भाग सडायला लागतो असा एक भयंकर आजार होतो, त्याला आम्ही एनईसी म्हणतो. प्रोबायोटिकने तो कमी होतो असं बऱ्याच चाचण्या सांगतात, आणि आईच्या दुधानेही कमी होतो. पण २०२३ मध्ये अमेरिकेत जन्मतः १ किलोपेक्षा कमी वजनाच्या एका बाळाला प्रोबायोटिक दिलं होतं, त्यातलाच बिफिडोबॅक्टेरियम त्याच्या रक्तात शिरला आणि बाळ गेलं. तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्यावर इशारा दिला. त्यामुळे कमी दिवसांच्या बाळाला हे एनआयसीयूमधल्या डॉक्टरांनीच ठरवायचं, आणि धडधाकट, दूध पिणाऱ्या, पूर्ण दिवसांच्या बाळाला सहसा गरजच नसते.

अजून दोन गोष्टी, ज्या याच विषयातल्या आहेत पण लोकांना तसं वाटत नाही. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात ते टाळू नका. व्हिटॅमिन के वारेतून फार कमी जातं, आईच्या दुधातही कमी असतं, आणि आपल्या आतड्यात ते बनवणारे जे बॅक्टेरिया असतात ते बाळाकडे अजून आलेलेच नसतात. न दिल्यास पहिल्या काही आठवड्यांत मेंदूत रक्तस्राव झालेली बाळं मी पाहिली आहेत.

आणि १ वर्षाच्या आत मध नाही. बोटभरही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीच इतकी गर्दी असते की ते रुजत नाहीत, पण बाळाचं आतडं अजून भरलेलं नसतं, तिथे ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडायला लागतं. हा आजार १९७६ मध्ये ओळखला गेला. उकळून, शुद्ध करून वगैरे काही उपयोग नाही, घरगुती उकळीला बीजाणू मरत नाहीत.

सुलभा_काकू
मधाचं हे मला माहीतच नव्हतं डॉक्टर. घरात सगळ्यांना वाचून दाखवते.

प्राजक्ता_एम
शीची टेस्ट करून बाळाचे बॅक्टेरिया मोजून देणाऱ्या कंपन्या आहेत ना, ती करून घेतली तर कळेल का नीट चाललंय की नाही? आणि माझी मुलगी अडीच महिन्यांची, फक्त अंगावर पिते, चारचार दिवस शी करत नाही, मग एकदम करते, ते बॅक्टेरिया कमी असल्यामुळे का?

जीवाणूवेडी
टेस्टवर पैसे घालवू नका. या वयात आठवड्याआठवड्याला चित्र बदलतं, आणि निरोगी बाळाचं असंच दिसलं पाहिजे असा ठरलेला आकडाच नाही. रिपोर्टमध्ये लाल रंगात काहीतरी येईल आणि तुमची झोप उडेल, बाकी काही नाही. शीचं डॉक्टर सांगतील.

डॉ_मंदार_बालरोग
प्राजक्ता, दीड महिन्यानंतर फक्त अंगावर पिणारी बाळं कधी दिवसातून पाचदा शी करतात कधी आठवड्यातून एकदा, दोन्ही चालतं, बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, शू भरपूर होतेय आणि होते ती शी मऊ आहे एवढं बघा. बॅक्टेरिया कमी वगैरे काही नाही.

लगेच दाखवायचं कधी ते लिहून ठेवा. जन्मल्यावर ४८ तासांत पहिली शी झालीच नाही तर. शी पांढरट, खडूसारखी असेल तर, यात दिवसही घालवू नका, यकृताच्या नळीचा आजार असू शकतो. रक्त दिसलं, हिरवी उलटी झाली, पोट फुगून टणक झालं, किंवा बाळ पीत नाही नि मलूल पडलंय तर त्याच वेळी निघा, इथे प्रश्न टाकून उत्तराची वाट बघू नका.

अनघा_८८
शेवटचं एकच, अँटिबायोटिक्स दिली होती त्यांचा परिणाम किती दिवस राहतो? आणि दूध बंद केल्यावर परत सगळं बदलतं का?

जीवाणूवेडी
अँटिबायोटिक्सनंतर बिफिडोबॅक्टेरियम कमी होतो आणि क्लेबसिएला, एन्टरोकॉकस वाढतात. हा परिणाम कोणतं औषध दिलं त्यावर काही महिने, काहींमध्ये वर्षापर्यंतही दिसतो पण ओसरत जातो. तुझं बाळ तुझं दूध पितंय म्हणजे बिफिडोबॅक्टेरियमला रोज खायला मिळतंय, यापेक्षा चांगलं औषध मी सांगू शकत नाही.

दूध बंद केल्यावर मात्र हो, मोठा बदल होतो. नुसतं वरचं अन्न सुरू केल्याने होत नाही तेवढा दूध थांबल्याने होतो, ९०३ मुलांच्या त्या अभ्यासातही हेच दिसलं. बिफिडोबॅक्टेरियमचा खुराक जातो, भाज्याधान्यांतला चोथा खाणारे प्रकार वाढतात, वैविध्य वाढतं. हा बिघाड नाही, वयाप्रमाणे व्हायचंच असतं. त्यामुळे घाई नको आणि अपराधीपणाही नको, ६ महिने फक्त दूध, मग दुधाबरोबर हळूहळू तऱ्हेतऱ्हेचं वरचं अन्न, आणि दूध तुम्हा दोघांना जमेल तितके दिवस.

निरंजन_पी
धागा वाचून बायकोला दाखवला. पुढच्या तपासणीला सिझेरियन झालं तर बाळ लगेच छातीशी देता येईल का हे विचारायचं ठरवलंय, आणि ती शुद्धीत नसेल तर माझ्या छातीशी. हे चालतं ना डॉक्टर?

डॉ_मंदार_बालरोग
चालतं. शर्ट काढा, बाळ उभं छातीवर, नाकतोंड मोकळं, डोकं एका बाजूला, पाठीवरून पांघरूण, आणि शेजारी नर्स असू द्या. आधी सांगून ठेवलंत तर सोय करणं सोपं जातं.